इंजिन बदलण्याआधी

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरत आलेला असताना, माळशेज घाटाच्या चढावर माझी १९६६ सालची एम.जी.बी. ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी खेचेनाशी झाली. ती बंद पडली नाही, तापली नाही, कुठे काही तुटलेही नाही. पुढे सिमेंटच्या गोणी भरलेला ट्रक होता, त्याच्या पलीकडे मोकळा सरळ रस्ता दिसत होता, मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि गाडीने आवाज वाढवण्यापलीकडे काहीच केले नाही. ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत पोहोचून मला पुन्हा त्याच्या मागे यावे लागले. ओव्हरटेक अर्ध्यावर सोडणे ही साधी गोष्ट नसते, आणि उघड्या छताच्या, रस्त्यापासून वीतभर उंचीवरून धावणाऱ्या गाडीत तर ट्रकचे चाक कानाशी येते. शेजारी बसलेला माझा भाचा तेव्हा काही बोलला नाही. वर चहाला थांबलो तेव्हा मात्र तो म्हणाला, "आत्या, आता हिच्यात दुसरं इंजिन टाकू या."

त्या एका वाक्याचा विचार मी पुढचे आठ महिने केला. तो विचार कसा होत गेला आणि कुठे येऊन थांबला, हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बहुतेकदा त्याचे उत्तर मोजमापाआधीच ठरलेले असते. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षे काढली. मायक्रोमीटर, डायल गेज आणि बोअर गेज ही माझी रोजची हत्यारे होती. तरीही या प्रश्नाच्या बाबतीत मी स्वतः आधी मन बनवले आणि मोजायला नंतर बसले, हे आधीच सांगून टाकते.

गाडी माझ्याकडे २००५ साली आली. नौपाड्यातला एक जुना बंगला पुनर्विकासासाठी पाडायचा होता, आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याबरोबर ती मुंबईत आली आणि पुढे दोन मालकांच्या हातून गेली, एवढेच कागदपत्रांवरून कळले. उजव्या बाजूचे स्टिअरिंग, तारांची चाके, मागे मुडपता येणारे कापडी छत आणि बॉनेटखाली १७९८ सीसीचे, दोन एस.यू. कार्बोरेटरचे, चार सिलिंडरचे बी-सिरीज इंजिन. हे मॉडेल १९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात सुरू झाले आणि १९८० साली तो कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिले. त्याच्या सगळ्या भावंडांसह पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. १९६४च्या अखेरीस या इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीनऐवजी पाच मेन बेअरिंग मिळाले. माझ्या इंजिनाच्या क्रमांकाची सुरुवात '१८ जीबी' अशी होते, म्हणजे ते पाच बेअरिंगवाल्यांपैकी. कंपनीने या इंजिनाची ताकद मिनिटाला ५४०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती अशी सांगितली होती.

बी-सिरीज हे नाव परके वाटले तरी त्या इंजिनाचा आवाज आपल्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ऐकलेला आहे. अँबेसेडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन याच घराण्यातले. म्हणूनच आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेट उचलले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. त्यांचे निम्मे आयुष्य सरकारी अँबेसेडर बांधण्यात गेले आहे. "ताई, हे तर आपलंच इंजिन, जरा मोठं केलेलं," असे ते म्हणाले, आणि वीस वर्षे त्यांनीच ती गाडी चालती ठेवली. त्यामुळे इंजिन बदलण्याचा विषय काढताना मला त्यांची सर्वांत जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात त्यांनी तो विषय फार शांतपणे घेतला. कॉन्टेसा गाडीचे, इसुझू या जपानी कंपनीचे इंजिन टाकावे, सोबत त्याचाच पाच गिअरचा बॉक्स घ्यावा, महिन्याभरात गाडी उभी करून देतो, असे ते म्हणाले. हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच १९९०च्या दशकात अँबेसेडरमध्ये ते १८१७ सीसीचे इसुझू बसवले होते, आणि त्यानंतर कितीतरी जुन्या अँबेसेडरांत मिस्त्रींनी ते आपल्या हाताने घातले होते.

ऑक्टोबरात आम्ही तिघे कुर्ल्याच्या बाजारात गेलो. एका गाळ्यात कॉन्टेसाचे इंजिन टायरवर आडवे ठेवले होते, त्याच्या स्पार्क प्लगच्या भोकांत कापडाचे बोळे कोंबलेले होते. मिस्त्रींनी पुलीला पाना लावून क्रँक फिरवून पाहिला, भाच्याने टेप धरून लांबी-उंची मोजली, मी वहीत टिपून घेतले. परत येताना, मुलुंड टोलनाक्याच्या रांगेत, मी वही उघडली आणि पहिल्यांदा एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. अँबेसेडरमधल्या इसुझूची ताकद ७५ अश्वशक्ती होती, कॉन्टेसातल्याची ८८. आणि जे काढून टाकायचे, ते कागदावर ९५चे होते. मी हे बोलून दाखवले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, ते कागदी घोडे. घाटात किती धावले ते तुम्ही पाहिलंत ना?" त्यांचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. पण त्यातून एक प्रश्न मनात राहिला, की मग ते ९५ घोडे गेले कुठे?

भाच्याचा कल दुसरीकडे होता. तो ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो आणि त्याला नव्या, ट्विन-कॅम, फ्युएल इंजेक्शनच्या १६०० सीसी इंजिनाचे आकर्षण होते. शंभराच्या वर अश्वशक्ती, सकाळी एका चावीत सुरू, सिग्नलला तासभर उभे राहिले तरी तक्रार नाही. या पर्यायाचा मी प्रामाणिकपणे विचार केला. पण घाटात मला काय कमी पडले होते याचा हिशेब मांडला तेव्हा चित्र वेगळे दिसू लागले. तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत होते. तिथे उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ. अश्वशक्ती म्हणजे तोच पीळ आणि फेऱ्या यांचा गुणाकार असतो. माझ्या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १४९ न्यूटन-मीटर, आणि तो ३००० फेऱ्यांना मिळतो. १६०० सीसीच्या बऱ्याच ट्विन-कॅम इंजिनांचा टॉर्कही १४० ते १५०च्याच घरात असतो, फक्त तो चार हजारांच्या पुढे गेल्यावर मिळतो. तिथून पुढे ती इंजिने सहा हजारांपर्यंत दम टिकवतात, म्हणून त्यांची अश्वशक्ती मोठी दिसते. म्हणजे एवढा खर्च करून, एवढे कापून-जोडून, माळशेजच्या त्या नेमक्या जागी मला जवळपास तेवढाच पीळ मिळणार होता, किंबहुना थोडा कमीच.

राहिला तिसरा पर्याय, आणि तो मोहाचा होता. या गाडीत मोठे इंजिन बसवण्याचा विचार खुद्द कारखान्यानेच दोनदा केला होता, आणि त्या दोन प्रयत्नांची गोष्ट मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटते.

पहिला प्रयत्न १९६७ सालचा. एम.जी.बी.च्या त्याच सांगाड्यात २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले आणि गाडीला एम.जी.सी. असे नाव दिले. ताकद १४५ अश्वशक्ती, म्हणजे थेट दीडपट. पण ते इंजिन ओतीव लोखंडाचे, लांब आणि जड होते. गाडीच्या पुढच्या भागात सुमारे ९५ किलोची भर पडली. मूळ पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनाखालचा आडवा आधार, त्याखाली बसेना, म्हणून पुढचे सस्पेन्शनच नव्याने, टॉर्शन बारचे, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यांचे केले. बॉनेट बंद होईना, म्हणून त्यावर उंचवटा काढला. स्टिअरिंग जड होऊ नये म्हणून त्याचे गुणोत्तर कमी केले, त्यामुळे वळणावर चाक जास्त फिरवावे लागू लागले. त्या काळच्या मोटार-पत्रकारांनी गाडीवर कठोर टीका केली. ती सरळ रस्त्यावर सुसाट होती, परंतु वळणात तिचे नाक बाहेरच्या बाजूला ओढले जात असे. दोनच वर्षांत, जेमतेम नऊ हजार गाड्यांनंतर, १९६९ साली ती बंद झाली.

दुसरा प्रयत्न आधी कारखान्याबाहेर झाला. केन कोस्टेलो नावाच्या इंग्रज मोटार-शर्यतपटूने एम.जी.बी.त रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन बसवून विकायला सुरुवात केली. मूळ अमेरिकेतल्या ब्यूइकसाठी घडवलेले हे इंजिन ॲल्युमिनियमचे होते. आठ सिलिंडरचे असूनही त्याचे वजन एम.जी.बी.च्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाइतकेच भरत असे. साहजिकच गाडीचा तोल बिघडला नाही. हे पाहून कारखान्यानेही १९७३ साली स्वतःची व्ही-८ आणली, १३७ अश्वशक्तीची, पण तीही फक्त पक्क्या छताच्या जी.टी. सांगाड्यात. त्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि १९७६पर्यंत २५९१ गाड्या बनवून तीही थांबली.

या दोन गाड्यांची अश्वशक्ती शेजारी ठेवली तर एम.जी.सी. आठ घोड्यांनी पुढेच दिसते, आणि चालवणाऱ्यांनी मात्र आयुष्यभर वाखाणली ती दुसरी. हा फरक वजन कुठे पडते यातून आला होता. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. त्याच गाडीचे नकाशे हाती असलेल्या, तिचा प्रत्येक भाग घडवलेल्या कारखान्यालाही या बदलासाठी पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग, गिअरची गुणोत्तरे, रेडिएटर, बॉनेट या सगळ्याला हात घालावा लागला. आपण 'इंजिन बदलायचे' असे दोन शब्दांत बोलतो, तेव्हा या सगळ्या गोष्टी त्या दोन शब्दांत धरलेल्या नसतात.

माझ्या गाडीपुरते बोलायचे तर यादी अशी होत गेली. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची भुजा हीच या गाडीत सस्पेन्शनची वरची भुजा असते. तेल गळालेला एक शॉकॲब्सॉर्बर म्हणजे तिथे निव्वळ धक्के वाढणे नव्हे, चाकाचा आधारच ढिला होणे. मागचा आस पाट्यांवर बसतो, आणि पीळ वाढला की हेच पाटे गती घेताना मुरगळतात आणि चाक जागच्या जागी उड्या मारू लागते. माझ्या वर्षाच्या गाडीचा मागचा आस जुन्या, बँजो पद्धतीचा आहे. गिअरबॉक्स तीन सिंक्रोचा आहे, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय पहिल्या गिअरला नाही. तीन हात नाक्याच्या गर्दीत गाडी सरपटत असताना पहिला टाकायचा तर एकतर पूर्ण थांबावे लागते किंवा दोनदा क्लच मारून, मध्ये रेस देऊन, दाते जुळवून घ्यावे लागतात. मला ती कला अवगत आहे आणि ती मला प्रिय आहे, पण दीडपट पीळ त्या दात्यांवर घालण्याची माझी हिंमत नव्हती. चाके तारांची, खोबणीदार हबवर बसणारी. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. ताशी ८०ऐवजी १००च्या वेगावरून थांबायचे तर ब्रेकना दीडपटीहून जास्त उष्णता पचवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि सर्वांत शेवटी सांगाडा. या गाडीला वेगळी चासी नाही. छत उघडे असल्याने तिचे सगळे बळ दोन बाजूंच्या दारांखालच्या सिलमध्ये, तळात आणि गिअरबॉक्सवरच्या मधल्या बोगद्यात आहे. पाच गिअरचा मोठा बॉक्स बसवायचा तर तोच बोगदा कापावा लागणार होता.

इंजिन बदलण्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा कोणता, तर पेट्रोल. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला त्याच मापाचे मिश्रण पातळ पडते, आणि जुने रबर त्यात फुगते किंवा तडकते. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाचा संगणक हे सारे मिश्रण स्वतः जुळवून घेतो. भाच्याचा हा युक्तिवाद मला मान्य करावा लागला. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल, की २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर आले तेव्हाही या इंजिनांचे मरण भाकीत केले गेले होते आणि कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून ती पुढे चालत राहिली. आताही मी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घेतल्या, आणि एस.यू. कार्बोरेटरचे मिश्रण घट्ट केले. त्या कार्बोरेटरच्या तळाशी एक लहानसे षटकोनी नट असते. ते एका पैलूने खाली फिरवायचे, थांबायचे, इंजिनाचा श्वास ऐकायचा, मग पुढचा पैलू. दोन्ही कार्बोरेटरना दोन-दोन पैलू दिल्यावर रिकाम्या फेऱ्यांतली थरथर थांबली. त्या दिवशी सकाळी उपवन तलावाला दोन फेऱ्या मारून आले.

कायद्याचा भाग मी मुद्दाम नंतर पाहिला, कारण आधी पाहिला असता तर त्याच्या आड लपून निर्णय टाळला असता. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. इंजिन क्रमांक, घनक्षमता, इंधन हे सारे त्या प्रमाणपत्रावर असते. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडक लावला. मूळच्याच जातीचे इंजिन टाकून परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घेणे वेगळे आणि १९६६च्या ब्रिटिश गाडीत दुसऱ्याच कंपनीचे इंजिन टाकून ती ठाण्याच्या कार्यालयासमोर उभी करणे वेगळे. विमा कंपनीनेही अपघातानंतर नेमका तोच क्रमांक आधी तपासला असता. त्याशिवाय जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण अट अशी की वाहन मूळ स्वरूपात हवे, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. त्या नोंदणीवर रोजच्या कामासाठी गाडी चालवता येत नाही, म्हणून मी आजवर तो मार्ग घेतलेला नाही. पण तो मार्ग पुढच्या मालकासाठी कायमचा बंद करण्याचा अधिकार मला आहे का, हा विचार मनाला लागून राहिला.

इथे एक स्पष्ट करायला हवे. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे, असे मी मानत नाही. मी डायनॅमो काढून अल्टर्नेटर बसवला आहे, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले आहे, रेडिएटरसमोर विजेचा पंखा लावला आहे, कारण मे महिन्यात घोडबंदर रोडवर, गायमुखच्या कोंडीत, तासभर तापत उभे राहण्याची कल्पना ॲबिंग्डनच्या अभियंत्यांनी केली नव्हती. पण यांतला प्रत्येक भाग चार बोल्ट सोडले की निघतो, आणि काढलेले जुने भाग तेलाच्या कागदात गुंडाळून माझ्या माळ्यावर आहेत. कापलेला बोगदा कशात गुंडाळून ठेवणार?

जानेवारीपर्यंत विचार असा सर्व बाजूंनी फिरून झाला होता, आणि तरीही मूळचा प्रश्न जागच्या जागी होता. गाडी घाटात खेचत नव्हती. 'इंजिन बदलू नये' याची कितीही कारणे सापडली तरी त्यांनी ट्रक ओलांडता येत नाही. तेव्हा कुठे मला, तीस वर्षे तपासणी विभागात काढलेल्या बाईला, मोजायचे सुचले. नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला एका ठिकाणी गाडीची चाके रोलरवर फिरवून ताकद मोजतात, तिथे आम्ही गाडी नेली. गिअरबॉक्स आणि मागच्या आसात साधारण पंधरा ते वीस टक्के ताकद खर्ची पडते, हे धरून चाकांवर ७६ ते ८० यायला हवे होते. आले ५७.

त्यानंतरचे दोन रविवार मी, मिस्त्री आणि भाचा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. पहिली गोष्ट सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. एअर फिल्टर काढले, भाच्याला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला, आणि कार्बोरेटरचा पिस्टन बोटाने उचलून मी बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. थ्रॉटलची पितळी चकती आडवी होऊन वाऱ्याला पूर्ण वाट द्यायला हवी होती, ती तिरकी उभी होती. मी कोनमापक लावला. जवळपास ९० अंश उघडायला हवी तिथे ६१ अंश. मग पायाकडे पाहिले. चार वर्षांपूर्वी आवाज कमी व्हावा म्हणून मी जाड नमद्याचा गालिचा घालून घेतला होता, पेडल त्यावर टेकत होते, आणि त्यात केबलही सैल झाली होती. माळशेजला मी ज्याला तळ समजले होते तो गालिचा होता. भाचा पेडलवरचा पाय न काढता तसाच बसून राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आपण तेव्हा पूर्ण दिलंच नव्हतं?"

दुसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागात होती. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात तशी ठिणगी आधी पडावी म्हणून त्यात दोन वजने आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. साठ वर्षांच्या वंगणाने ती वजने चिकटली होती आणि ३००० फेऱ्यांना ठिणगी सहा अंश उशिरा पडत होती. ते साफ केले, केबल ओढली, गालिचा कापला आणि पुन्हा तुर्भ्याला गेलो. ६६ आले. एक रुपयाचा भाग न बदलता नऊ घोडे परत आले होते. मिस्त्रींनी तो कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

उरलेली तूट मात्र लोखंडातच होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतले तेव्हा चार सिलिंडरांत (पीएसआयमध्ये) १४०, १३५, १०५ आणि १३० आले. चांगल्या स्थितीतल्या या इंजिनाला १६०च्या आसपास यायला हवे. मग रॉकर शाफ्ट उतरवून प्रत्येक पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज ठेवला आणि क्रँक हाताने फिरवत कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, आठही लोबची (उंचवट्यांची) उचल मोजली. हे काम मी कुणाला करू दिले नाही. सहा लोबची उचल शतांश मिलिमीटरच्या फरकाने सारखी भरली. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा लोब १.२ मिलिमीटरने कमी आणि चौथ्याचा अर्ध्या मिलिमीटरने. ज्यांच्यात कॅमचे लोब सपाट टॅपेटवर घासत फिरतात अशा इंजिनांना झीज टाळायला तेलात जस्ताचे पुरेसे प्रमाण लागते, आणि नव्या गाड्यांसाठी बनणाऱ्या तेलांत ते कमी केलेले असते. वर्षानुवर्षे मी चांगले, महाग, पण या इंजिनाला न मानवणारे तेल घालत आले होते. तो व्हॉल्व्ह पुरता उघडत नव्हता, जळलेला वायू आत अडकत होता, आणि घाटात चार सिलिंडरांचे काम सव्वातीन सिलिंडर करत होते.

हे सारे समोर आल्यावर इंजिन बदलायचे की नाही, हा प्रश्न मला वेगळाच दिसू लागला. जे इंजिन मी कमी ताकदीचे म्हणून काढायला निघाले होते ते त्याच्या पूर्ण ताकदीने चालताना मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेच नव्हते. कदाचित कधीच पाहिले नव्हते, कारण माझ्याकडे आले तेव्हाही ते थकलेलेच होते. मी तुलना करत होते ती कुर्ल्याच्या बाजारातल्या इंजिनाच्या कागदाची आणि माझ्या इंजिनाच्या आजाराची. अशी तुलना मी कारखान्यात कुणा नवशिक्याला करू दिली नसती.

एप्रिलमध्ये इंजिन उतरवले. भाच्यानेच चेनपुलीची साखळी ओढली. त्याचे मत पूर्ण बदलले आहे असे नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीने रस्त्याच्या काळाबरोबर बदलायला हवे, असे तो अजूनही म्हणतो, आणि पहिल्या गिअरच्या सिंक्रोबद्दल तर मला अजूनही त्याच्याशी वाद घालता येत नाही. चारही गिअरना सिंक्रो असलेला नंतरच्या वर्षांचा बॉक्स माझ्या बोगद्यात तसाच बसत नाही, त्यासाठी सांगाड्यातच फरक केलेला होता. त्यामुळे दोनदा क्लच मारणे चालूच राहणार आहे.

ब्लॉक वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या बोरिंगवाल्याकडे नेला. या ब्लॉकचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८०.२६ मिलिमीटर. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी तो एकदा वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, वाढवला होता. आता चाळीसपर्यंत न्यायचा, म्हणजे साधारण १८४५ सीसी होतील. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट ब्रिटनहून मागवले, कॅम मूळच्याच मापाचा घेतला, कारण शर्यतीचा कॅम पुन्हा तो पीळ चार हजारांच्या पुढे ढकलतो आणि मला तो अडीच-तीन हजारांना हवा आहे. हेडचे पोर्ट, म्हणजे हवा येण्या-जाण्याच्या वाटा, घासून साफ करून घेतले. या इंजिनात दोन-दोन सिलिंडर मिळून एकच इनलेट पोर्ट वापरतात, त्यामुळे तिथे फार मोठी वाढ होऊ शकत नाही, पण ओतकामातले खडबडीत काठ मात्र निघाले. पिस्टन कस्टममधून सुटायला सहा आठवडे लागले.

पिस्टन आल्यावर मी शनिवारी बोरिंगवाल्याकडे गेले, भाचाही आला होता. यंत्रावर चढवण्याआधी मला ब्लॉक एकदा स्वतः मोजायचा होता. बोअर गेज भाच्याच्या हातात दिला आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी मापे घ्यायला सांगितली. तो डायल वाचत होता, मी वहीत उतरवून घेत होते. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या काठाशी सर्वांत जास्त झीज भरली, तिथे तो दोनदा थांबला आणि पुन्हा मोजून खात्री करून मगच आकडा बोलला. बोरिंगवाल्याने ब्लॉकच्या बाजूला खडूने चाळीसचा आकडा लिहिला. मिस्त्रींनी ब्लॉकच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साठपर्यंत जातं हे, ताई. अजून एक बोअर शिल्लक आहे."